भोवऱ्याची आर घरच्या लेथवर कातताना

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीच्या घरात आपल्याकडे एक छोटे लेथ मशीन (काम फिरवत ठेवून कातण्याचे यंत्र) आहे. सावंतवाडीहून आणलेल्या लाकडी भोवऱ्यांची खिळ्याची आर, म्हणजे ज्यावर भोवरा फिरतो ते खालचे टोक, पावसाळ्यानंतर सैल पडते, नवा खिळा ठोकला की लाकूड तडकते आणि आपण स्वतः कातलेली आर बसवली तर भोवरा उभा राहतो खरा, पण थरथरत फिरतो. आर पितळेची करावी, साध्या लोखंडाची करावी की स्टेनलेस स्टीलची, आणि फरशीसाठी वेगळी व मातीसाठी वेगळी अशी बदलता येणारी आर कशी बसवावी, हे आपल्याला हवे आहे.

माझी बरीच वर्षे साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये टर्नरचे, म्हणजे लेथवर धातू कातण्याचे, काम करण्यात गेली आणि त्या अनुभवावरून मी धातूचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आपला भोवरा थरथरतो त्याचे कारण धातू नाही. आरेची मध्यरेषा आणि लाकडाची मध्यरेषा एक नाही, हे त्याचे कारण आहे. भोवऱ्याच्या वजनाचा मध्य आरेच्या रेषेपासून फक्त ०.२ मि.मी. बाजूला असेल आणि भोवरा त्या रेषेभोवती मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याला बाजूला ओढणारे बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके होते. फेऱ्या ३,००० झाल्या तर तेच बल वजनाच्या दुप्पट होते, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढते. भोवरा हलका असो वा जड, हे प्रमाण तेच राहते. हे बल आरेला जमिनीवर सतत बाजूला ढकलत राहते, आर एका जागी टिकत नाही, आणि हाताने दिलेला वेग फरशीवर घासण्यात व खडखडाटात संपतो. म्हणून खाली जे लिहीत आहे त्यातला बहुतेक भाग दोन्ही मध्यरेषा एकाच रेषेत कशा आणाव्यात याविषयी आहे.

धातूबद्दल आधी सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल. पितळेची आर जड म्हणून भोवरा जास्त वेळ फिरतो, असे पुष्कळांना वाटते. ८ मि.मी. व्यासाचा आणि १२ मि.मी. लांबीचा तुकडा पितळेचा असेल तर त्याचे वजन सुमारे ५.१ ग्रॅम भरते आणि लोखंडाचा असेल तर सुमारे ४.७ ग्रॅम. हा फरक अर्ध्या ग्रॅमचाही नाही. शिवाय हे वजन मध्यरेषेला चिकटून असल्यामुळे फिरण्याचा वेग टिकवून धरण्यात त्याचा वाटा नगण्य असतो, ५० मि.मी. व्यासाच्या आणि ६० ग्रॅमच्या लाकडी भोवऱ्याशी तुलना केली तर तो अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. भोवऱ्याला जड करायचे असेल तर ते वजन पोटाच्या घेराला द्यावे, आरेला देऊन उपयोग नाही. आरेचा धातू निवडताना ती किती झिजते, किती गंजते आणि फरशीचे काय करते एवढेच पाहावे. साधे लोखंड कातायला सोपे आहे, पण कोब्यावर त्याचे टोक लवकर चपटे होते. पितळ त्याहून मऊ आहे, परंतु ते गंजत नाही आणि घरातल्या संगमरवरी लादीवर चरे पाडण्याची शक्यता कमी असते. स्टेनलेस स्टीलचा नेहमी मिळणारा ३०४ दर्जाचा गज छोट्या लेथवर त्रास देतो, कारण टूल (कातणारी पाती) किंचित जरी नुसते घासले तरी तो पृष्ठभागावर कडक होतो आणि पुढचा कट नीट लागत नाही. नव्याने काम करणाऱ्याने सुरुवात पितळेच्या गजाने करावी. गुलालवाडीतल्या कीका स्ट्रीटवर तो मिळतो, आणि टॅप (भोकात आटे पाडणारे), डाय (गजावर आटे पाडणारे) आणि रीमर (भोक अचूक मापाचे व गुळगुळीत करणारे) यांसाठी नागदेवी स्ट्रीटवर एक फेरी मारावी लागेल.

आता जोडणीकडे वळतो. खिळा लाकडात थेट ठोकलेला असतो तेव्हा तो लाकडाच्या रेषांप्रमाणे वाट काढतो, म्हणून तो सरळ जाईल याची शाश्वती नसते. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, ऑक्टोबरनंतर ते आकसते, खिळ्यावर गंज चढतो, आणि या ओढाताणीत भोक मोठे होत जाते. यावर उपाय म्हणजे लाकडात पितळेचा बुश, म्हणजे आरेला धरणारा गोल तुकडा, कायमचा चिकटवून टाकणे आणि आर त्या बुशमध्ये आट्यांनी बसवणे. मात्र येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे की आटे आरेला धरून ठेवतात, मध्यावर आणत नाहीत. टॅप आणि डाय यांनी पाडलेल्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असतेच, आणि आपण केलेली आर केवळ आट्यांवर बसली असेल तर ती थोडी कलती बसणारच. म्हणून आट्यांच्या आधी एक गुळगुळीत, अचूक मापाची स्टेप, म्हणजे पायरीसारखा गोल भाग, ठेवावी, जी बुशच्या भोकात बोटाच्या दाबाने सरकते पण हलत नाही. मध्य साधण्याचे काम त्या स्टेपने करावे, उभे राहण्याचे काम आरेच्या खांद्याने, म्हणजे स्टेपमागच्या जाड कडेने, करावे आणि आट्यांनी फक्त ओढून धरावे.

मी वापरतो ती मापे अशी आहेत. बुश १० मि.मी. व्यासाचा आणि १६ मि.मी. लांबीचा, बाहेरून तीन उथळ खाचा पाडलेला, म्हणजे अॅराल्डाइटला पकड मिळते. आत एम ५ (५ मि.मी. व्यासाच्या) आकाराचे आटे, ज्यासाठी ४.२ मि.मी.चे ड्रिल लागते, आणि तोंडाशी ४ मि.मी. खोलीपर्यंत ६ मि.मी.चे रीमर फिरवलेले गुळगुळीत भोक. परंतु बुश लाकडात बसवताना त्याला भोक पाडलेले नसावे, तो भरीव असावा. तयार भोक असलेला बुश चिकटवला तर गोंद वाळेपर्यंत तो एका बाजूला झुकतो आणि आपण घेतलेली सगळी काळजी वाया जाते. त्याऐवजी भोवरा लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये (काम धरून फिरवणाऱ्या भागात) पोटाशी धरावा, जबड्यांखाली चामड्याच्या पट्ट्या द्याव्यात, आणि तो पोटाशी व आरेजवळ अशा दोन्ही ठिकाणी सरळ फिरेपर्यंत जबडे मागे-पुढे करावेत. खाचांच्या लाकडावर डायल इंडिकेटरचा (बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचा) काटा उड्या मारतो, त्यामुळे टूल पोस्टमध्ये (टूल धरणाऱ्या भागात) एक टोकदार सळई धरून, मागे पांढरा कागद ठेवून, सळई आणि लाकूड यांमधली फट डोळ्यांनी पाहणे अधिक भरवशाचे ठरते. नंतर लाकडात १० मि.मी.चे भोक करावे, भरीव बुश चिकटवावा आणि भोवरा चकमधून न काढता पूर्ण २४ तास तसाच राहू द्यावा. लेथ एक दिवस अडकून पडते, पण दुसऱ्या दिवशी त्याच सेटिंगमध्ये बुशचा फेस घेतला, म्हणजे तोंड सपाट कातले, भोक पाडले, रीमर फिरवला आणि टॅप मारला की ते भोक लाकडाच्या मध्यरेषेवरच येते. ही एक पायरी पाळली तर आपली निम्मी थरथर तेथेच संपेल असे मला वाटते.

पितळेत भोक पाडताना नेहमीचे ड्रिल अचानक आत खेचले जाते आणि लाकडाची पकड सुटून भोवरा उडू शकतो, म्हणून ड्रिलच्या दोन्ही धारांचा पुढचा तिरपा कोन बारीक तेलदगडाने घासून सपाट करून घ्यावा. असे ड्रिल पितळ खरवडत जाते, त्यात रुतत नाही. टॅप मारताना मशीनचा प्लग काढून चक हातानेच फिरवावा.

आता प्रत्यक्ष आर. ८ मि.मी.चा गज चकबाहेर सुमारे ३५ मि.मी. काढून धरावा. पितळेसाठी मिनिटाला २,००० ते २,४०० फेऱ्या चालतात. साध्या लोखंडासाठी हाय स्पीड स्टीलचे टूल असेल तर सुमारे १,०००. आधी फेस घ्यावा, मग आट्यांसाठी ७ मि.मी. लांबी ४.९ मि.मी. व्यासाला उतरवावी आणि त्यामागे ३.८ मि.मी. लांबीची ६ मि.मी.ची स्टेप करावी. बुशमधले भोक ४ मि.मी. खोल असताना स्टेप मुद्दाम थोडी आखूड ठेवायची असते, म्हणजे ती तळाला टेकत नाही आणि खांदा बुशच्या तोंडावर पूर्ण बसतो. खांद्याच्या मुळाशी टूलच्या कोपऱ्याची गोलाई राहिली तर खांदा अधांतरी राहतो, म्हणून तेथे एक बारीक खाच पाडावी. डाय टेलस्टॉकमध्ये (चकसमोरच्या सरकत्या भागात) धरून आटे हाताने पाडावेत आणि टोकाचा भाग १० मि.मी., वर १ मि.मी. जादा, इतका ठेवून पार्टिंग टूलने तुकडा वेगळा करावा.

येथेच बहुतेकांची आर बिघडते. तुकडा उलटा फिरवून, आटे वा स्टेप चकच्या जबड्यांत धरून टोक कातले, तर छोट्या लेथबरोबर येणारा तीन जबड्यांचा चक ०.०५ ते ०.१ मि.मी. आउट, म्हणजे मध्यापासून बाजूला, असू शकतो, आणि टोक नेमके तेवढ्याने बाजूला जाते. त्याऐवजी एक मँड्रेल, म्हणजे आर मध्यावर धरणारा आधार, करावे. १६ मि.मी.चा जाड गज चकमध्ये धरावा आणि भोवऱ्यातल्या बुशला जसे भोक केले तसेच हुबेहूब भोक, रीमर आणि आटे त्या गजाच्या तोंडात करावेत. तो गज चकमधून काढायचा नाही. जेथे धरला तेथेच भोक केले असल्यामुळे चक कितीही आउट असला तरी ते भोक लेथच्या मध्यरेषेवरच असते. त्यात आर आवळून तिचे टोक कातले की टोक आणि स्टेप एका रेषेत येतात. एकदा मँड्रेल बसले की पितळेची, लोखंडाची, टोकदार, गोल अशा हव्या तेवढ्या आरा एकामागून एक करून घ्याव्यात, कारण मँड्रेल काढून पुन्हा लावले की त्याचा भरवसा संपतो आणि नवे भोक करावे लागते.

टोकाचा आकार कोठे खेळायचे यावर ठरतो. गोलाईची त्रिज्या मोठी असेल तर कललेल्या भोवऱ्याचा जमिनीला टेकणारा बिंदू मध्यरेषेपासून दूर जातो, तेथले घर्षण भोवऱ्याला लवकर उभे करते, पण त्या कामात त्याचा वेगही जास्त खर्च होतो. त्रिज्या लहान असेल तर उभे राहायला वेळ लागतो, मात्र एकदा उभा राहिला की भोवरा जास्त वेळ शांत फिरतो. सोसायटीच्या आवारातल्या कोब्यासाठी आणि भोवरा हातावर घेण्यासाठी २ ते २.५ मि.मी. त्रिज्या मी योग्य मानतो. गुळगुळीत लादीवर १ ते १.५ मि.मी. पुरते. मातीत बारीक टोक रुतून बसते, त्यामुळे तेथे ३ ते ४ मि.मी. त्रिज्येचे बोथट टोक बरे. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या भोवऱ्याला २ मि.मी.पेक्षा कमी त्रिज्येची आर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाकडाबाहेर दिसणारी आर ८ ते १० मि.मी. असावी, त्याहून लांब केली तर भोवऱ्याचा मध्य वर जातो आणि वेग थोडा उतरताच तो डुलू लागतो, आणि फार आखूड केली तर कलताना लाकूड जमिनीला घासते. जाळीचे (भोवऱ्याच्या दोरीचे) पहिले वेढे आरेलाच पडतात, म्हणून खांद्याची बाहेरची कड गोल करून पॉलिश करावी, नाहीतर ती जाळीचे धागे कापत राहील.

गोलाई कातताना कंपाउंड स्लाइड (टूल तिरपे सरकवणारा भाग) आधी ६०, मग ४५, ३० आणि १५ अंशांवर ठेवून चार तिरपे कट घ्यावेत आणि उरलेल्या कडा कानशीने व पॉलिश पेपरने मिसळून टाकाव्यात. कानस डाव्या हातात मुठीकडून धरावी, तिला मूठ असल्याशिवाय लेथवर वापरू नये आणि पॉलिश पेपर बोटाभोवती कधीही गुंडाळू नये. ४००, ८०० आणि १,२०० नंबरचा पेपर क्रमाने वापरला की पितळ आरशासारखे होते. या सगळ्यात टूलची उंची मध्यावर असणे अत्यावश्यक आहे, कारण टूल थोडेसे खाली असेल तर टोकाच्या अगदी मध्यावर एक बारीक गाठ उरते. ती डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते, आणि भोवरा त्या गाठीवर चढून उतरत राहतो. उंची तपासण्यासाठी टूलचे टोक आणि गोल गज यांच्यामध्ये पातळ स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरावी. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर आहे. पट्टीचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे.

कोब्यावर रोज खेळायचे असेल तर मी कातलेल्या टोकाऐवजी छर्रा, म्हणजे बेअरिंगचा पोलादी गोळा, बसवलेली आर सुचवतो. सायकलच्या दुकानात ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मि.मी.चे छर्रे सुटे मिळतात. ते आधीच कडक केलेले आणि घासून गोल केलेले असतात, त्यामुळे टोकाची गोलाई आपल्याला कातावीच लागत नाही. त्याची त्रिज्या २.३८ मि.मी. येते, जी कोब्यासाठी हवी तेवढीच आहे. मँड्रेलवर आर आवळलेली असतानाच टोकात आधी सेंटर ड्रिल आणि मग ४.८ मि.मी.चे ड्रिल चालवावे आणि ड्रिलचा पूर्ण व्यास २ मि.मी. आत गेला की थांबावे. ड्रिलने तळाशी केलेल्या शंकूवर छर्रा आपोआप मध्यावर बसतो, त्याचा सुमारे १.७ मि.मी. भाग बाहेर राहतो आणि त्याचा सर्वांत रुंद भाग काठाच्या अर्ध्या मि.मी.हून थोडा आत असतो. काठाची जाडी ०.४ मि.मी. उरेल इतके बाहेरून कातून, मशीन अगदी हळू चालवून, पॉलिश केलेल्या गोल तोंडाच्या कडक सळईने तो काठ छर्ऱ्यावर थोडा थोडा दाबत न्यावा. कातायला सोपे जावे म्हणून शिसे घातलेल्या पितळेचा काठ दाबताना तडकू शकतो, म्हणून छर्ऱ्याची आर साध्या लोखंडाची करावी. छर्रा बसवण्याआधी भोक थिनरने धुऊन त्यात लॉकटाइट ६३८ या धातूच्या गोंदाचा एक थेंब टाकला तर तो नंतर खुळखुळत नाही.

सिल्व्हर स्टीलची (तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाची) आर कातून तिला घरी पाणी देण्याविषयीही आपण विचारले होते. ते शक्य आहे. फक्त टोकाचा भाग ब्लो टॉर्चने गडद लाल करावा, लोहचुंबक चिकटेनासा झाला की थोडे आणखी तापवावे, उभा पाण्यात बुडवावा, मग पॉलिश करून फिकट पिवळा रंग येईपर्यंत, म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत, पुन्हा हळूहळू तापवावा. आट्यांचा भाग लाल होऊ देऊ नये. तरीही फ्लॅटमध्ये उघडी ज्योत वापरून हे करावे इतका फायदा छर्ऱ्याच्या तुलनेत मिळत नाही.

आट्यांची दिशा हा मुद्दा सहसा कोणी विचारात घेत नाही. जमिनीचे घर्षण आरेला भोवऱ्याच्या उलट दिशेने पिळत असते. वरून पाहता आपला भोवरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर नेहमीचे उजवे आटे खेळताना अधिक घट्ट होत जातात, आणि उलटा फिरत असेल तर ते सैल होतात. ही दिशा जाळी कशी गुंडाळता आणि कोणत्या हाताने टाकता यावर ठरते, म्हणून आधी भोवरा टाकून पाहावे. तो उलटा फिरत असेल तर एम ५ चे डावे टॅप आणि डाय घ्यावेत किंवा आट्यांना लॉकटाइट २४३ (आटे सैल होऊ न देणारे द्रव्य) लावावे. ते पान्याने सोडवता येते. त्यासाठी आरेच्या खांद्याजवळ समोरासमोर दोन सपाट बाजू कानशीने करून ठेवाव्यात.

समुद्राजवळच्या हवेत लोखंडाची आर जून ते सप्टेंबर या काळात आठवड्याभरातसुद्धा तांबूस होऊ शकते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक हात तिला पुरेसा असतो. लेथच्या बेडलाही तेच करावे, आणि त्यावर प्लास्टिकऐवजी तेलकट सुती कापड टाकावे, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. काम करताना चष्मा हवाच, हातमोजे मात्र नकोत, आणि चकची चावी क्षणभरही चकमध्ये सोडू नये.

सगळे बसवून झाल्यावरही थोडी थरथर उरली तर दोष आरेत आहे की लाकडात, हे ओळखण्यासाठी आर सैल करून दुसरी आर बसवावी. थरथर तशीच राहिली तर दोष लाकडाच्या घडणीत किंवा त्याच्या घनतेत आहे. मग आरेच्याच मापाची एक स्टेप व आटे असलेला तुकडा चकमध्ये कातून, त्यावर भोवरा बुशने आवळून, लाकडाच्या पोटावरून अगदी बारीक कट घ्यावा. त्यामुळे लाखेचा रंग थोडा जाईल, पण लाकूड त्याच मध्यरेषेभोवती पुन्हा गोल होईल. त्यानंतरही एक बाजू जड राहिली, तर त्या बाजूला पोटाच्या आतल्या अंगाला ३ मि.मी.चे उथळ भोक पाडून, भोवरा टाकून पाहून, गरजेप्रमाणे ते थोडे थोडे खोल करत जावे.